नशेची भरपाई आणि ग्रामसभेचे उत्तरदायित्व



माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या माथ्यापर्यंत पसरलेला शहापूर-मुरबाडचा हा टापू मुंबईची तहान भागवतो, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तानसा आणि भातसा ही नावे मुंबईकराच्या नळाशी कायमची जोडली गेली आहेत. पण या टापूतून केवळ पाणीच बाहेर गेले असे नाही. सुमारे दीड शतक येथून आणखी एक प्रवाह सरकारी तिजोरीकडे वाहत राहिला. तो नशेच्या महसुलाचा प्रवाह होता. त्या प्रवाहाचा हिशेब मात्र कोणी फारसा मांडला नाही.

इंग्रजी अमदानीत १८७८ साली मुंबई अबकारी कायदा झाला. तोपर्यंत ठाणे जिल्ह्यातील वनवासी बांधव आपल्या अंगणात, आपल्या गरजेपुरती मोहाची दारू गाळत असत. सणासुदीला, लग्नकार्याला, देवाच्या नैवेद्याला तिचा उपयोग होई. या कायद्यानंतर मक्ते दिले गेले, उरणच्या भट्ट्यांतून ठेक्याची दारू गावोगाव येऊ लागली आणि घरगुती गाळणे हा गुन्हा ठरला. तेवढ्यानेही महसूल पुरेना, तेव्हा १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांसाठी एक स्वतंत्र कायदा करण्यात आला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध आले. जे फूल दुष्काळात पोटाला आधार देत होते, तेच सरकारदरबारी संशयित ठरले. दारू पिऊ नये, हा या सगळ्या खटाटोपाचा हेतू नव्हता. ती सरकारमान्य दुकानातूनच विकत घेऊन प्यावी, एवढाच त्याचा अर्थ होता. पैसा तिजोरीत गेला आणि गावाच्या वाट्याला दुकान, कर्ज व सावकार आले.

परके राज्य गेले, स्वराज्य आले. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदाही केला. पुढे परवान्यांची वाट मोकळी झाली आणि आज महाराष्ट्राला मद्यावरील उत्पादन शुल्कातून वर्षाकाठी वीस हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम मिळते. ही रक्कम राज्याच्या एकत्रित निधीत जमा होते. त्यातून शाळा चालतात, रस्ते होतात, हे मान्यच करावे लागेल. तरीही एक साधा प्रश्न शिल्लक उरतो. ज्या पाड्यावरच्या, ज्या घरातल्या कर्त्या पुरुषाला नशेने उद्ध्वस्त केले, त्या घरापर्यंत या पैशातला किती पोचतो? नशेने झालेल्या हानीची भरपाई कोणी, कोणाला आणि कशी द्यायची?

हा प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात, तेथील गावांनी आणि तालुक्यांनी न्यायालयात उभा केला. त्याचे पुढे काय झाले, हे शहापूर-मुरबाडच्या कार्यकर्त्याने समजून घेण्याजोगे आहे.

गावे न्यायालयात गेली

अफूपासून बनवलेली किंवा अफूसारखा परिणाम करणारी वेदनाशामक औषधे वैद्यकशास्त्राला नवी नाहीत. कर्करोगाच्या असह्य वेदनांवर मॉर्फिनसारखे दुसरे वरदान नाही. पण १९९६ साली अमेरिकेत पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन नावाची गोळी बाजारात आणली आणि ती साध्या कंबरदुखीपासून सांधेदुखीपर्यंत सर्रास लिहून दिली जाऊ लागली. या गोळीचे व्यसन लागण्याचा धोका कमी आहे, असे डॉक्टरांना सांगण्यात आले. तो प्रचार दिशाभूल करणारा होता, याची कबुली कंपनीला २००७ साली न्यायालयात द्यावी लागली. तोवर फार उशीर झाला होता. खाणकामगार, शेतकरी, ट्रकचालक, सैन्यातून परतलेले जवान अशी साधी, कष्टकरी माणसे या गोळीच्या आहारी गेली. गोळी मिळेना तेव्हा ती हेरॉइनकडे वळली आणि त्यानंतर फेंटानिल या त्याहून जहाल रसायनाकडे. १९९९ ते २०२३ या पंचवीस वर्षांत अमेरिकेत अशा पदार्थांच्या अतिसेवनाने सुमारे आठ लाख माणसे दगावली.

या मृत्यूंचा भार प्रथम कोणी उचलला? राजधानीतल्या सरकारने नव्हे. रात्री-अपरात्री धावणारी रुग्णवाहिका गावाची होती. अनाथ झालेल्या मुलांची सोय काउंटीला करावी लागली. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्हा व तालुका यांच्या मधले एकक. तुरुंग, शवागार, दवाखाना हे सगळे तिच्याच अंदाजपत्रकातून चालत होते. म्हणून या स्थानिक संस्था न्यायालयात गेल्या. औषध बनवणाऱ्या, वितरण करणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांनी सार्वजनिक उपद्रव निर्माण केला, तो निस्तरण्याचा खर्च त्यांनीच द्यावा, असा त्यांचा दावा होता. २०१७ च्या डिसेंबरपासून हे दावे ओहायो राज्यातील क्लीव्हलँडच्या संघीय न्यायालयात न्यायमूर्ती डॅन पोल्स्टर यांच्यासमोर एकत्र आणण्यात आले. त्यांची संख्या वाढत वाढत तीन हजारांवर गेली.

सगळीकडे यश आले असे नाही. ओक्लाहोमा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, तर ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सार्वजनिक उपद्रवाची ही मांडणी नाकारली. तरीही दाव्यांचा रेटा इतका मोठा होता की कंपन्या तडजोडीला आल्या. जुलै २०२१ मध्ये मॅकेसन, कार्डिनल हेल्थ व अमेरिसोर्सबर्गेन या तीन बड्या वितरक कंपन्यांनी अठरा वर्षांत २,१०० कोटी डॉलरपर्यंत, तर जॉन्सन अँड जॉन्सनने ५०० कोटी डॉलरपर्यंत रक्कम देण्याचे प्रस्तावित केले. चूक मात्र त्यांनी मान्य केली नाही. पुढे औषध दुकानांच्या साखळ्या आणि इतर उत्पादक यांच्याशीही करार झाले आणि एकूण आकडा ५,००० कोटी डॉलरच्या पलीकडे गेला. पर्ड्यू फार्माचा पहिला आराखडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळला. नवा, सुमारे ७४० कोटी डॉलरचा आराखडा नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केला.

यातील एक योजना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तडजोडीत जितक्या अधिक स्थानिक संस्था सामील होतील, तितकी त्या राज्याला मिळणारी रक्कम वाढेल, असे करारातच लिहिले होते. त्यामुळे राज्य सरकारला गावांची मनधरणी करावी लागली. एरवी वरून खाली आदेश जातात. येथे खालच्या सहीवाचून वरचा आकडा पूर्ण होत नव्हता. गावाच्या संमतीला असे मोल आले.

शर्त नसेल तर पैसा पाझरतो

पैसा मिळाला म्हणजे प्रश्न सुटला, असे समजणारा माणूस भोळा. अमेरिकेला याचा कडू अनुभव आधीच आला होता. १९९८ साली तेथील ४६ राज्यांनी तंबाखू कंपन्यांशी असाच एक मोठा करार केला. पंचवीस वर्षांत सुमारे २०,६०० कोटी डॉलर मिळायचे होते. पण हा पैसा कशावर खर्च करायचा, याची बंधनकारक शर्त त्या करारात नव्हती. परिणाम व्हायचा तोच झाला. तंबाखू सोडवण्याच्या कामाला त्यातला फार थोडा वाटा मिळाला. अंदाजपत्रकातली भगदाडे बुजवली गेली, रस्ते झाले आणि न्यूयॉर्क राज्यातील नायगारा काउंटीत तर गोल्फच्या मैदानावर पाण्याचे फवारे बसले. तंबाखूने छाती पोखरलेल्या माणसाच्या नावाने आलेल्या पैशातून धनिकांच्या खेळाची हिरवळ भिजली.

या ठेचेतून अमेरिकेने काही शिकून घेतले. २०२१ च्या करारात एक स्पष्ट शर्त घालण्यात आली. मिळणाऱ्या रकमेपैकी किमान ८५ टक्के रक्कम या व्यसनाची हानी कमी करण्यावरच खर्च झाली पाहिजे. उपचार, समुपदेशन, व्यसनी मातांची व त्यांच्या नवजात बालकांची काळजी, शाळांतील प्रतिबंधक शिक्षण, बरे झालेल्यांना रोजगार अशी कामांची यादीच कराराला जोडली गेली. नॉर्थ कॅरोलायना राज्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. राज्याकडे केवळ १५ टक्के ठेवून बाकीची रक्कम स्थानिक संस्थांना दिली, आणि त्याचबरोबर अट घातली की हा पैसा स्वतंत्र खात्यात राहील, प्रत्येक खर्चाला सभेचा ठराव लागेल आणि दरवर्षी हिशेब जाहीर करावा लागेल.

तरीही वाटा फुटल्याच. टेनेसी राज्यातील एका काउंटीने या पैशातून आपले जुने कर्ज फेडले. कुठे पोलिसांसाठी गाड्या आल्या, कुठे उपकरणे. कागदावर प्रत्येक खर्चाला समर्थन होते. मुलगा गमावलेल्या आईबापांनी मात्र सभांतून उठून विचारले की, हा पैसा आमच्या लेकराच्या मृत्यूवर आला आहे, त्यातून दुसऱ्या कोणाचे लेकरू वाचले का? या प्रश्नाला ज्या सभेत उत्तर द्यावे लागते, ती सभा जिवंत असते.

हे लोण आपल्या दारापासून दूर नाही

पाश्चात्त्यांचा भोगवाद, त्यांचे भोग, असे म्हणून मान फिरवणे सोपे आहे. प्रामाणिकपणे पाहिले तर तसे करता येत नाही. १९८० च्या दशकात मुंबई-ठाण्याच्या गल्ल्यांत ‘गर्द’ हा शब्द घरोघरी पोचला होता. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, अर्थात अफूचेच अशुद्ध रूप. अनिल अवचट यांनी त्या विळख्याचे दर्शन मराठी वाचकाला घडवले आणि पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या आर्थिक साहाय्यातून १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. डॉ. अनिता अवचट यांनी त्याला आईची माया आणि वैद्याची शिस्त दिली. देणगी दिली ती एका हेतूने, वापरली गेली ती त्याच हेतूसाठी. म्हणूनच ती संस्था उभी राहिली आणि टिकली.

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि त्यांपैकी साडेपाच कोटींहून अधिक लोकांना उपचाराची वा मदतीची गरज आहे. अफूजन्य पदार्थ वापरणाऱ्यांची संख्या सव्वादोन कोटींच्या घरात आहे. त्यांत हेरॉइनइतकाच चिंतेचा भाग औषधी गोळ्यांचा आणि खोकल्याच्या औषधांचा आहे. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाची बाटली ही तर आता शहराच्या वेशीवरच्या तरुणांना परिचयाची झाली आहे. आसनगाव, वासिंद, कसारा ही स्थानके लोकलने मुंबईशी जोडलेली. जे मुंब्रा-कल्याणला मिळते ते इथवर यायला दोन तास पुरतात.

आणखी एक गोष्ट सांगताना मान खाली जाते. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत पालघर हा ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. त्या पालघरमधील एका कारखान्यात बनलेल्या, टॅपेन्टाडॉल हे अफूसारखे द्रव्य आणि स्नायू शिथिल करणारे कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाच्या गोळ्या घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट या पश्चिम आफ्रिकी देशांत नशेसाठी विकल्या जात असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश वृत्तसंस्थेच्या शोधातून उघड झाले. केंद्रीय औषध नियंत्रकांनी त्या मिश्रणाच्या निर्यातीची परवानगी तत्काळ रद्द केली आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने उत्पादन थांबवले. कारवाई झाली, हे चांगलेच झाले. पण घानामधल्या एखाद्या आईने उद्या भरपाई मागितली, तर ती कोणाच्या दारात यायची? विष कोणत्या देशातून येते, यावर त्याचे पाप कमी-अधिक होत नाही.

मात्र शहापूर-मुरबाडचे आजचे पहिले दुखणे गोळी नव्हे, दारू आहे. पावसाळा सरला की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. उचल आधीच घेतलेली असते. ती लग्नात, आजारपणात आणि बाटलीत संपते. मग हंगामभर राबायचे ते तिच्या फेडीसाठी. पुरुष पितो, बाई विटा थापते आणि पोराची शाळा सुटते. ही साखळी येथे काम करणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला तोंडपाठ आहे.

दावा गावाचा, हक्क गावाचा

भारतात अशी सामूहिक भरपाई आली ती भोपाळची. डिसेंबर १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर १९८५ साली संसदेने कायदा करून पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार एकट्या केंद्र सरकारकडे घेतला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ती करताना पीडितांना विचारले गेले नाही, ही खंत पुढे दशकानुदशके न्यायालयांत घुमत राहिली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाढीव भरपाईची केंद्राची याचिकाही फेटाळली. सरकारने पालक व्हावे यात गैर काही नाही. पण ज्याचे घर जळले त्याला बैठकीत जागा नसेल, तर तडजोड कागदावर संपते आणि जखम तशीच राहते.

याउलट उदाहरण रतलामचे. १९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी रतलाम नगरपरिषदेला स्पष्ट बजावले की, उघडी गटारे आणि घाण हा सार्वजनिक उपद्रव आहे आणि तिजोरीत पैसा नाही ही सबब स्थानिक संस्थेला सांगता येणार नाही. नागरिकांचे आरोग्य हे तिचे आद्य कर्तव्य आहे. अमेरिकेतील काउंट्या ज्या ‘सार्वजनिक उपद्रवा’च्या तत्त्वावर उभ्या राहिल्या, ते तत्त्व भारतीय कायद्यालाही परके नाही. आपल्या १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामपंचायतीला कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्व दिले आहे. ती मालमत्ता धारण करू शकते, तिच्या नावाने दावा लावता येतो. ग्रामपंचायत म्हणजे गटसचिवालयाचे उपकार्यालय नव्हे.

त्याहून मोठे शस्त्र आपल्याकडे १९९६ पासून आहे. दिलीपसिंह भुरिया समितीच्या शिफारशींवरून संसदेने त्या वर्षी पंचायत उपबंध, म्हणजेच ‘पेसा’ कायदा केला. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला दारूबंदी लागू करण्याचा, मादक पदार्थांची विक्री व सेवन यांचे नियमन करण्याचा किंवा त्यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार त्याने दिला. सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकारही त्याच कलमात आहे. नशा आणि कर्ज यांची सांगड कायदा करणाऱ्यांनी अचूक ओळखली होती. शहापूर तालुका पूर्णपणे आणि मुरबाड तालुक्यातील काही गावे या अनुसूचित क्षेत्रात मोडतात. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ साली आले. त्यांनुसार पाड्यालाही गाव म्हणून स्वतःची ग्रामसभा मिळू शकते.

उरलेल्या गावांनाही मार्ग आहे. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की दारू दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला टाळे. येथे गैरहजर राहणारी बाई नकळत दुकानदाराच्या बाजूने मत देते, हे घरोघरी सांगितले पाहिजे.

निधी आहे, उद्दिष्ट ठरवा

आता पैशाविषयी. अमेरिकेसारखी भरपाई आपल्याला मिळालेली नाही. पण २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्के रक्कम राज्य शासन पेसा ग्रामपंचायतींना थेट देते. तिला अबंध निधी म्हणतात. पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण आणि वनसंवर्धन अशा चार गटांत तो वापरायचा असतो आणि त्याचा निर्णय ग्रामसभेने घ्यायचा असतो. आरोग्य व शिक्षण हा गट त्यात स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे व्यसनमुक्तीसाठी वेगळा शासन निर्णय येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

अबंध याचा अर्थ मोकाट असा नव्हे. वरून बंधन नाही म्हणून गावानेच ते घालायचे. नाहीतर काय होते, हे सांगायला नायगाराला जाण्याची गरज नाही. स्वागत कमान उभी राहते, पेव्हर ब्लॉक बसतात, ठेकेदाराचे बिल निघते आणि त्या कमानीखालून झिंगलेला बाप घरी जातो. कमान नको असे नाही. पण कमान डोळ्यांना दिसते, सुटलेले व्यसन दिसत नाही. म्हणून कमानीला ठराव लवकर मिळतो. समृद्धी महामार्गाचा मोबदला आला तेव्हाही हेच कळले की, आधी ठरवलेले नसेल तर हाती आलेली रक्कम कुठे गेली ते वर्षभरात सांगता येत नाही.

व्यसनमुक्तीला खर्च तरी कशाचा लागतो, हेही नीट समजून घ्यावे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू सोडली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भ्रम होतो, फिट येऊ शकते. प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून त्याला शपथ देऊन घरी पाठवणे हे पुण्य नव्हे, निष्काळजीपणा आहे. त्याला काही दिवस वैद्यकीय देखरेख हवी. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय, ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय या संस्था आहेत. पण टोकावड्याच्या किंवा डोळखांबच्या आतल्या पाड्यावरून तिथवर जायचे म्हणजे गाडीभाडे, सोबत जाणाऱ्या बायकोची बुडालेली मजुरी आणि मागे राहिलेल्या पोरांचे जेवण. औषध फुकट असते. औषधापर्यंतची वाट फुकट नसते. ग्रामनिधीने हीच वाट बांधावी. वर्षभर पाठपुरावा करणारा एक समुपदेशक चार-पाच गावांनी मिळून नेमावा, आशा कार्यकर्तीला त्याचे प्रशिक्षण द्यावे, शाळेत आठवी-नववीच्या मुलांसाठी नियमित कार्यक्रम ठेवावा. ज्या घरी कोणाला लगेच बोलायचे असेल त्या घरासाठी केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क मदतवाहिनी आहे. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक रंगवण्याचा खर्च तो कितीसा?

केवळ बंदीने काम भागत नाही, हे गडचिरोलीने शिकवले. तेथे १९९३ मध्ये दारूबंदी झाली. तरी चोरटी दारू राहिलीच. म्हणून २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमात डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शासनाच्या सहकार्याने गावसंघटना, उपचार, प्रबोधन आणि कायद्याची अंमलबजावणी असे चारही पाय एकत्र जोडले. उलट चंद्रपुरात २०१५ ला आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. निर्णय मंत्रालयात होतो तसा मंत्रालयात मोडतोही. गावाने स्वतः घेतलेला निर्णय गावच सांभाळते.

आणि दुसरी बाजूही विसरता कामा नये. नशेच्या भीतीने वेदनेवरचे औषधच कोंडून ठेवणे हाही अन्याय आहे. केरळने २००८ साली वेदनाशमन सेवेचे धोरण स्वीकारले आणि ग्रामपंचायतींच्या निधीतून परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन सुलभ व्हावे म्हणून २०१४ मध्ये संसदेने अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्तीही केली. जी ग्रामसभा दारूचे दुकान बंद करते, तिनेच म्हाताऱ्या आजीच्या वेदनेची चौकशी केली, तर तिच्या बंदीमागे रोष नाही, करुणा आहे, हे साऱ्या गावाला कळते.

धान्यकोठीचा धडा

येथून जवळच सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी तेथे देह ठेवला. दरवर्षी हजारो लोक तेथे वंदनाला जातात. गोळ्या झेलणारे भाई सर्वांच्या स्मरणात आहेत. त्यांच्या कार्याची सुरुवात मात्र सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी उभारलेल्या धान्यकोठ्यांतून झाली होती, हे फार थोड्यांना आठवते. धान्यकोठी म्हणजे गावाने गावासाठी राखलेला साठा. तिचे सारे बळ विश्वासात असते. अडल्या घरासाठी ठेवलेले धान्य अडल्या घरालाच जाईल, ही खात्री असते तोवर लोक तिच्यात माप टाकतात. एकदा ते मेजवानीला गेले की कोठी रिकामी होते आणि सावकाराचे दार पुन्हा उघडते.

अबंध निधी ही आजची धान्यकोठी आहे. तिच्यासाठी मोठ्या क्रांतीची गरज नाही, चार ठरावांची आहे. आरोग्य-शिक्षणाच्या वाट्यातून व्यसनमुक्तीसाठी ठरावीक रक्कम दरवर्षी स्वतंत्र राखून ठेवावी. ती दुसऱ्या कामाकडे वळवायची तर पुन्हा ग्रामसभेची मंजुरी लागावी. तिच्या समितीत व्यसनामुळे पोळलेल्या घरातल्या किमान दोन महिला आणि व्यसनातून बाहेर आलेला एक माणूस असावा. आणि वर्षाअखेरीस किती खर्च झाला याबरोबरच किती जण उपचाराला गेले, किती टिकले, हे भर सभेत वाचून दाखवावे. नावे नकोत, आकडे हवेत.

प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन आणि गांधी जयंती. या चार दिवशी गावोगाव ग्रामसभा भरतात. बहुतेक ठिकाणी नोंदवहीवर सह्या होतात आणि सभा उठते. येत्या सभेला कार्यकर्त्याने सहीसाठी जाऊ नये. जाताना शेजारच्या घरातल्या, मुकाट्याने मार खाणाऱ्या त्या बहिणीला सोबत न्यावे आणि आपण बोलण्याआधी तिला बोलू द्यावे. अमेरिकेतील सभांत मुलगा गमावलेल्या आया उठून उभ्या राहिल्या तेव्हा कोट्यवधी डॉलरच्या हिशेबाला अर्थ आला. शहापूर-मुरबाडच्या माऊलीचा प्रश्न याहून वेगळा नाही. तिला विचारायचे आहे एवढेच की, गावाच्या कोठीत माझ्या घरासाठी काय ठेवले आहे?

या प्रश्नाचे उत्तर मंत्रालयातून येणार नाही. ते ग्रामसभेच्या ठरावात लिहिले जाणार आहे, आणि तो लिहिणारे हात आपले आहेत.